कालव्याकाठची अंजिरं

फळबाजारात त्यांना सगळे चवसाहेब म्हणत. तोंडावर हात जोडून म्हणत, पाठीमागे दात-ओठ खाऊन म्हणत, शब्द मात्र तोच. एकतीस वर्षं त्यांचं काम एकच होतं. सकाळी बाजाराचं शटर वर गेलं की लिलावाआधी ओळीने मांडलेल्या पेट्यांतून एकेक फळ उचलायचं, खिशातल्या चाकूने त्याची फाक करायची, ती तोंडात घोळवायची आणि हमालाने धरलेल्या बादलीत थुंकायची. मग पेटीवर खडूची रेघ. एक रेघ म्हणजे उत्तम, दोन म्हणजे चालेल, तीन म्हणजे जॅमच्या कारखान्यात धाडा. रेघेवर पेटीचा भाव ठरायचा. एका खडूच्या तुकड्यावर माणूस किती उंच चढून बसू शकतो हे ज्याला बघायचं असेल त्याने चवसाहेबांकडे बघावं.

त्यांना कुणाचंच काही पटत नसे. बागायतदार म्हणजे त्यांच्या मते पाणी पाजून फळ फुगवणारे गवंडी. व्यापारी म्हणजे नुसती पोटं, जिभा नसलेली. गिऱ्हाईक तर काय, रंग बघून माना डोलावणारी मेंढरं. घरीही तीच तऱ्हा. लग्नानंतर बायको जेवण वाढून समोर बसायची. ते पहिला घास घेत, डोळे मिटत, नाकपुड्या फुलवत आणि म्हणत, "हं." त्या 'हं'चा अर्थ तिने वर्षभर शोधला आणि मग नाद सोडून दिला. ती स्वयंपाकघरात वेगळी बसून जेवू लागली आणि तिला जेवण गोड लागू लागलं.

खोटं कशाला बोला, जीभ होती खरी. डोळे बांधून फाक दिली तर फळ कुठल्या बागेतलं, सकाळी तोडलेलं की आदल्या संध्याकाळचं, हे ते सांगत. पण देवाने एक अवयव बरा दिला म्हणून बाकीचा माणूस आपोआप बरा होत नाही.

एकाच बागेपुढे त्यांचं नाक खाली यायचं. शहराबाहेरच्या कालव्याला लागून एक अंजिराची बाग होती. तिच्या मालकाला बाजारात कालवेवाले म्हणत. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी बागेच्या दोन्ही टप्प्यांवर नवी झाडं लावली, खालच्या टप्प्यासाठी कालव्यावर पंप बसवला, आणि चवसाहेबांनी पहिल्याच हंगामात त्या अंजिरांवर एक रेघ ओढली. पातळ साल, आतून मधासारखा लाल गर. ती फाक ते बादलीत थुंकत नसत, गिळत. दर आठवड्याला एक पेटी घरी नेत. आणि बाजाराजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, की शिशुवर्गातल्या मुलांना दुपारी फळ द्यायचंय, कुठलं देऊ, तेव्हा ते म्हणाले, "कालव्याकाठचे अंजीर द्या. लहानपणीच चांगलं काय ते कळू दे, नाहीतर तीही मोठेपणी आपल्या बापांसारखी काहीही खातील."

कालव्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा एक कारखाना होता. त्याचं धुण्याचं पाणी कालव्यात येतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीची चौकशी कोण करतो?

चौकशी केली ती त्यांच्या भाचीने. बहिणीची मुलगी, माती आणि अन्न तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला. एक दिवस ती रबरी हातमोजे घालून, कागदी पिशव्यांचा गठ्ठा घेऊन ऐन लिलावाच्या वेळी बाजारात हजर झाली आणि पंधरा बागांच्या पेट्यांतून फळं उचलू लागली.

"काय गं, यांची शिकरण करणार का?" चवसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"यांची राख करणार, मामा. मग आम्लात विरघळवून यंत्रात घालणार. शिसं किती, कॅडमियम किती, कळेल."

"तुझ्या यंत्राला दात आहेत का?"

"नाहीत."

"जीभ?"

"नाही हो मामा."

"मग त्याला बिचाऱ्याला फळातलं काय कळणार!" हमाल हसले, व्यापारी हसले. भाची पिशव्यांवर आकडे घालत राहिली. मामाच्या विनोदांना हसायचं तिने शाळेतच बंद केलं होतं.

दोन आठवड्यांनी अहवाल आला. पंधरापैकी अकरा बागा स्वच्छ. कालव्याचं पाणी घेणाऱ्या चार बागांच्या फळात शिसं ठरलेल्या मर्यादेच्या तिप्पट-चौपट, कॅडमियम दुप्पट. मातीचं तर विचारूच नका. बाजारात कुजबुज सुरू झाली आणि दोन दिवसांत अंजिराचा भाव पडला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी व्यापारी संघाचे अध्यक्ष चवसाहेबांच्या घरी आले. एरवी हे गृहस्थ त्यांना बाजारातल्या चहाच्या टपरीवरही बसा म्हणत नसत. आज स्वतः खुर्ची ओढून बसले, बायकोने आणलेल्या चहाला वा वा म्हणाले आणि खिशातून टाइप केलेला कागद काढला. 'सदर बागांतील फळे मी स्वतः चाखली असून ती उत्तम व निर्दोष आहेत.' खाली सहीची जागा.

"साहेब, कालची पोरं यंत्रं घेऊन येतात आणि तुमच्यासारख्यांना शिकवतात," अध्यक्ष म्हणाले. "लोक विचारतात, चवसाहेबांचं काय म्हणणं आहे? आम्ही काय सांगू?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बघतो, विचार करतो. चवसाहेबांनी कागदातली एक शुद्धलेखनाची चूक सुधारली, अध्यक्षांकडे एक तुच्छ नजर टाकली आणि लफ्फेदार सही ठोकली. त्यांना वाटलं, मान मिळाला. अध्यक्षांनी फुंकर मारून शाई वाळवली. दुसऱ्या दिवशी तो कागद काचेच्या चौकटीत बाजाराच्या फाटकावर लागला आणि दुपारपर्यंत कालव्याकाठच्या पेट्या पुन्हा उचलल्या गेल्या.

रविवारी भाची घरी आली ती चपलाही न काढता.

"मामा, तुमचा मामा केलाय त्यांनी."

"तोंड सांभाळून बोल."

"मी काय सांभाळू? तुम्ही तुमचं तोंड भाड्याने दिलंत ते? शिशाला चव नसते. इतक्या कमी प्रमाणात तर कुणालाच लागत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, राजालाही नाही."

"कुणालाच म्हणजे तुमच्यासारख्यांना. एकतीस वर्षं ही जीभ वापरतोय मी. फळात विष असतं तर मला कळलं नसतं?"

भाची म्हणाली, "ठीक आहे. उद्या संध्याकाळी येते. मामीला घरी राहायला सांगा."

दुसऱ्या दिवशी ती दोन पिशव्या घेऊन आली. दोन्हींत कालवेवाल्यांचेच अंजीर. जात एक, झाडांचं वय एक, तोडणी एकाच सकाळची. फरक इतकाच, की सहा फळं खालच्या टप्प्यावरची, कालव्याच्या पाण्याची आणि सहा वरच्या टप्प्यावरची, विहिरीच्या पाण्याची. खालच्यांत शिसं, वरच्यांत नाही, प्रयोगशाळेत आधीच तपासून झालं होतं. मामीने स्वयंपाकघरात फाका केल्या, बारा बशा मांडल्या, बशीखाली चिठ्ठी ठेवली आणि कुठली कुठे हे फक्त तिलाच ठाऊक राहिलं.

"गिळायचं नाही," भाची म्हणाली. "चाखा आणि थुंका. चांगली इकडे, विषारी तिकडे."

चवसाहेब तयारीने बसले. कोमट पाण्याने चूळ भरली. पहिली फाक घेतली, डोळे मिटले, नाकपुड्या फुलवल्या. हात उचलून बशी डावीकडे सरकवली. दुसरी उजवीकडे. मधेच म्हणाले, "ही बघ, हिच्यात कडवट झाक आहे. लगेच लागली." आठव्या बशीला त्यांनी पुन्हा चूळ भरली. दहाव्या बशीला कपाळावर घाम आला होता. बारावी बशी त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवली.

मामीने चिठ्ठ्या उलगडल्या. बारापैकी पाच बरोबर.

"नाणं उडवलं असतं तर सहा तरी आले असते," भाची म्हणाली.

कडवट झाक असलेली बशी विहिरीची निघाली. सगळ्यांत उत्तम म्हणून त्यांनी अगदी जवळ ओढून ठेवलेल्या दोन्ही कालव्याच्या.

मामीला हसू आवरेना. आधी तिने पदर तोंडाला लावला, मग तोही सोडला. "अहो, एक सांगू का? अकरा वर्षांपूर्वी तुम्ही एक तेल फेकून द्या म्हणाला होतात, वास येतो म्हणून. तेव्हापासून या घरात तेच तेल आहे. डबा तेवढा बदलला."

बायकोला असं हसताना चवसाहेबांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते हे.

भाचीचं अजून संपलं नव्हतं. "आणि ही वरची फळं मला कशी मिळाली, ऐका. मातीचे नमुने घ्यायला बागेत गेले होते. वरच्या टप्प्यावर चढायला लागले तर कालवेवाले आडवे आले. म्हणाले, ताई, या झाडांचं कशाला घेता, ही विकायची नाहीत, ही घरची आहेत."

"घरची?"

"घरात खायची. तरी मी तेव्हा तपासायला घेतली आणि आज सकाळी पुन्हा तोडून आणली. त्यांना शिसं-बिसं माहीत नसेल, मामा. पण पाणी चांगलं नाही एवढं माहीत होतं. सात वर्षं त्यांनी स्वतःच्या पोरांना विहिरीचे खाऊ घातले आणि तुम्हाला कालव्याचे. तुम्ही वर एक रेघ ओढलीत आणि दर आठवड्याला पेटी घरी आणलीत."

त्या रात्री ते जेवले नाहीत. भाचीच्या बोलण्यापेक्षा एक गोष्ट त्यांना जास्त खात होती. ती शाळेची.

सकाळी ते बाजारात न जाता शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत पाहुण्यांची खुर्ची मोडलेली होती, म्हणून त्यांना शिशुवर्गातली बुटकी खुर्ची मिळाली. गुडघे छातीशी घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. अहवाल, सही, बारा बशा. एकही गोष्ट गाळली नाही. बाई ऐकत होत्या.

"म्हणजे आता देऊ नका म्हणताय."

"आजपासूनच नको. आणि मुलांचं रक्त तपासून घ्या. भाची सांगेल कुठे ते."

"तुमच्या शब्दावर देत होतो आम्ही," बाई म्हणाल्या. "मला तर अंजीर आवडतही नाहीत. वाटलं, एवढा मोठा माणूस सांगतोय."

चवसाहेबांना आजवर पुष्कळांनी शिव्या दिल्या होत्या, पण त्या सगळ्या पाठीमागे. हे समोरून आलं, आणि यात शिवी एकही नव्हती. बाईंनी वही पुढे केली. कुठल्या महिन्यांत, आठवड्यातून किती वेळा, कधीपासून, ते दोघांनी आठवून आठवून लिहिलं. शेजारच्या वर्गात मुलं गलका करत होती.

तिथून ते थेट संघाच्या कार्यालयात गेले. "माझा कागद उतरवा."

"का? काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्या जिभेला शिसं कळत नाही. काल सिद्ध झालंय."

अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "साहेब, तुम्हाला कळत नाही हे आम्हाला माहीत आहे. कुणाला कळतं? कळत नाही म्हणून तर तुमची सही घेतली. कळत असतं तर घेतली असती का?"

आयुष्यभर चवसाहेब जगाला खालच्या पायरीवरचं समजत आले होते, आणि हा जाड्या, ज्याला पिकलं आणि सडलं यांतला फरक कळत नाही, त्यांच्याकडे वरून बघत होता. बरोबर बघत होता, हे जास्त लागलं. त्यांनी फाटकावरची चौकट ओढून काढली आणि कागद फाडला. दुपारी तिथे त्याची झेरॉक्स लागली. संघाने पंचवीस काढून ठेवल्या होत्या.

मग त्यांनी हातात उरलं होतं ते केलं. दुसऱ्या दिवशी लिलावात कालवेवाल्यांच्या पेट्यांपाशी आले, फळ उचललंच नाही, आणि पेटीवर खडूने मोठी फुली मारली. एकावर एक, बावीस पेट्यांवर.

कालवेवाले धावत आले. "साहेब, हे काय? सात वर्षं तुम्हीच एक रेघ ओढत आलात."

"वरच्या टप्प्यावरची झाडं घरची ना तुमच्या?"

कालवेवाल्यांचा चेहरा उतरला, पण माणूस पक्का. "कालव्यातले दगड करडे पडलेत, शेवाळसुद्धा धरत नाही. पाणी बरं नाही एवढं कळत होतं. शिसं का काय ते मला अडाण्याला काय माहीत?"

"मग विकलंत कशाला?"

"तुम्ही चाखून चांगलं म्हणत होतात. म्हटलं, असेल बाबा फळ चांगलं. मोठी माणसं खोटं कशाला बोलतील?"

हमाल बादली धरून उभा होता. चवसाहेबांकडे प्रत्येक बागायतदारासाठी एक ठेवणीतली शिवी असायची. या वेळी ती बाहेर आली नाही, कारण ती निम्मी स्वतःला लागली असती. ते पुढच्या पेटीकडे वळले.

चार दिवसांनी कालवेवाल्यांची एकही पेटी आली नाही, आणि टेकडीवरच्या एका दरिद्री बागेतून मात्र एकाएकी चाळीस पेट्या आल्या. चवसाहेबांनी एक फाक तोंडात घेतली आणि थुंकली. "टेकडीवरच्या दगडात हा गर पिकत असेल तर मी खडू खाऊन दाखवतो! ही कालव्याची आहेत." शिसं त्यांना कळत नव्हतं, पण बाग कळत होती. ते पेटी-पेटीवर फुल्या मारत सुटले आणि ओरडून सांगत गेले. गिऱ्हाईकं पांगली. त्या दिवशी लिलाव झाला नाही.

सोमवारी त्यांना संघाचं पत्र मिळालं. वयाचा विचार करता विश्रांती घ्यावी, इत्यादी. त्यांच्या जागी अध्यक्षांचे मेहुणे आले. या मेहुण्यांना बारा महिने सर्दी. नाकात रुमाल कोंबून ते फळ चाखत आणि सगळ्या पेट्यांवर एक रेघ ओढत. बाजार फार सुखात होता.

चवसाहेब घरी बसले, म्हणजे बसले नाहीत. रोज सकाळी बाजारासमोरच्या फुटपाथवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, की अहवाल वाचा. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला नोकरी गेल्याचा राग आहे. राग होताच. पण अहवालही खरा होता, हे कोण लक्षात घेतं? भाची प्रयोगशाळेतून कागदामागून कागद पाठवत होती. एक वरिष्ठ म्हणाला, नमुने पुन्हा घ्या. दुसरा म्हणाला, पाऊस पडून गेल्यावर घ्या. तिसरा म्हणाला, साल काढून तपासा. भाचीने विचारलं, "अंजीर कोण साल काढून खातो?" तर त्याने ती टिप्पणी फायलीत लावली आणि रजेवर गेला.

हललं ते शाळेमुळे. शिशुवर्गातल्या छत्तीस मुलांचं रक्त तपासलं गेलं आणि एकोणीस जणांत शिसं जास्त निघालं. मुलांच्या आया सरकारी कचेरीवर गेल्या. भाचीचे आकडे कित्येक आठवडे फायलीत झोपले होते, ते एका दुपारीत जागे झाले. सुनावणी ठरली. अधिकाऱ्याने चवसाहेबांना विचारलं, "तुम्ही इथे तज्ज्ञ म्हणून आलात की तक्रारदार म्हणून?"

"एकतीस वर्षं तज्ज्ञ होतो," चवसाहेब म्हणाले. "त्याचीच तक्रार करायला आलोय." आणि त्यांनी बारा बशांची गोष्ट सगळ्यांदेखत, अध्यक्षांच्या तोंडावर, पाच बरोबर आणि सात चूक, अशी सांगितली. काही लोक हसले. त्यांनी हसू दिलं.

निकाल लागला तो सरकारी निकालासारखाच लागला. कालव्याचं पाणी फळबागांना द्यायला बंदी झाली, पंप उचलले गेले. खालच्या टप्प्यावरची अंजिरं मुळासकट काढली आणि वरची वीतभर माती खरवडायचा हुकूम निघाला. ती टाकायची कुठे हे हुकमात नव्हतं, म्हणून तिचा ढीग ताडपत्रीखाली बागेच्या कडेलाच पडून आहे. कालवेवाल्यांना भरपाई मिळाली, कारण ते पीडित ठरले. बॅटऱ्यांच्या कारखान्याला कुलूप लागलं. अडीच महिन्यांनी तोच माल, त्याच भट्ट्या, मालकाच्या जावयाच्या नावाने, त्याच कालव्याच्या काठी थोड्या वरच्या बाजूला सुरू झाल्या. फाटकाला हिरवा रंग आणि वर पाटी, पर्यावरणस्नेही.

भाचीने तिथलेही मातीचे नमुने घ्यायचं ठरवलं. माणसं कमी म्हणून मामाला बरोबर नेलं. चवसाहेब पिशव्या धरून उभे होते आणि ती कशी खणते यावर अखंड टीका करत होते.

"शाळेचा दुसरा अहवाल आला," ती खणता खणता म्हणाली. "सतरा जणांचं उतरलंय. दोघांचं नाही उतरलं."

"कुठली दोघं?"

"नावं सांगत नाहीत, मामा. सांगू पण नये."

"पुन्हा कधी तपासणार?"

"तीन महिन्यांनी."

त्यांनी पिशवीचं तोंड उघडून पुढे केलं. तिने त्यात माती टाकली. त्यांनी तोंड दुमडून वर आकडा घातला, अक्षर वाईट आलं म्हणून पुन्हा गिरवला, आणि पुढची पिशवी उघडली.